शीव, सोवळे आणि साथ

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बालाघाट जिल्ह्यातील गावे पहाटेच जागी होतात. आदल्या दिवशी बैलांची पूजा आणि मिरवणूक झालेली असते. आज निघते ती नारबोद. गवत, काड्या, जुने कापड यांचा वेडावाकडा पुतळा पोरे गल्लीबोळांतून ओढत नेतात. खोकला, ताप, ढेकूण, डास, घरातील सगळी इडापिडा बरोबर घेऊन जा, अशी आरोळी देत देत त्याला गावाच्या शिवेबाहेर नेऊन जाळतात. नागपूर-भंडाऱ्याकडे हीच चाल मारबतीच्या नावाने चालते, आणि त्यात नवल नाही. १९५६ पर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच प्रांतात नांदत होते व नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. पश्चिम महाराष्ट्रातील मरीआईचा गाडा हाही त्याच घराण्यातला. पटकीची साथ आली की देवीचा गाडा शिवेपर्यंत ओढत नेऊन तेथे सोडायचा, आणि पुढल्या गावाने तो आपल्या पलीकडच्या शिवेवर पोचवायचा.

लहानपणी आम्हांला या सोहळ्यातली गंमत तेवढी दिसे. पुढे एक साधाच प्रश्न पडू लागला. शिवेबाहेर टाकलेली रोगराई जाते कोठे? शिवेपलीकडे रान असते, तसे दुसरे गावही असते. रोग आणि आपण यांच्यात अंतर हवे, एवढी जाण या चालीत निश्चित आहे. पण ते अंतर कोठून कोठवर मोजायचे आणि त्याचा भार कोणी सोसायचा, याचे उत्तर तिने आपल्या सोयीने दिलेले आहे. प्रस्तुत लेखात आम्ही या मोजमापाचाच थोडा मागोवा घेणार आहोत.

आपल्या भाषेने या बाबतीत रीतिरिवाजांपेक्षा अधिक शहाणपण दाखविले, असे आम्हांला वाटते. मराठीत 'साथ' म्हणजे सोबत आणि 'साथ' म्हणजे रोगाचा फैलावही. 'संसर्ग' हा मूळचा सहवासाचा शब्द. 'लागण' ही लागण्यातून आली. माणसे एकमेकांजवळ येतात त्याच वाटेने रोग पुढे जातो, हे या शब्दांत जंतूंचा शोध लागण्यापूर्वीच उमटलेले आहे. व्यवहारात मात्र आपण माणसामाणसांत जे अंतर राखले, ते वेगळ्याच हिशेबाने.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द हिडन डायमेन्शन' या ग्रंथात माणसाभोवतीच्या अंतराची चार वलये सांगितली. सुमारे दीड फुटापर्यंत जिव्हाळ्याचे, चार फुटांपर्यंत व्यक्तिगत, बारा फुटांपर्यंत सामाजिक आणि त्यापलीकडे सार्वजनिक. ही मापे आपल्या देशातील मध्यमवर्गाच्या निरीक्षणावरून घेतली आहेत, ती सगळ्या जगाला लावू नयेत, असे त्यांनीच बजावले होते. त्यांची ही सूचना पुढे फारशी कोणी मनावर घेतली नाही. आमच्याकडे फूटपट्टी घेऊन उभे राहिले तर हाती काय लागेल? तोच माणूस आठवडी बाजारात खांद्याला खांदा लावून चालतो. जत्रेत अनोळखी माणसाच्या पाठीला छाती टेकून उभा राहतो. घरी एकाच सतरंजीवर चार भावंडे झोपतात. आणि त्याच घरात सून मोठ्या दिरासमोर येत नाही, तिची सावलीही त्याच्यावर पडू नये अशी काळजी घेतली जाते. विडीचा विस्तव एकाच्या विडीवरून दुसऱ्याची पेटतो, चिलीम तोंडोतोंडी फिरते. मात्र ती कोणाच्या तोंडून कोणाच्या तोंडी जाईल याचे नियम पक्के असतात. जातीबाहेर टाकणे म्हणजे हुक्कापाणी बंद करणे, एवढे ते पक्के. अंतर येथे नात्यागणिक, जातीगणिक, स्त्रीपुरुषागणिक बदलते. एकाच माणसाला दिवसभरात दहा निरनिराळी अंतरे पाळावी लागतात.

या नियमांतील सर्वांत कडक तो सोवळ्याओवळ्याचा. त्याची आजकाल दोन टोकांनी चर्चा होते. एका पक्षाच्या मते आपल्या पूर्वजांना आरोग्यशास्त्र ठाऊक होते व सोवळे हे त्याचेच धार्मिक रूप. दुसऱ्याच्या मते ते निव्वळ थोतांड. आम्हांला दोन्ही मते उतावीळपणाची वाटतात. उष्टे न खाणे, भांड्याला ओठ न लावता वरून पाणी पिणे, पळसाच्या पत्रावळीवर जेवून ती फेकून देणे, बाहेरून आल्यावर पाय धुणे, पादत्राणे दाराबाहेर ठेवणे, या सवयींचा थोडाबहुत उपयोग खासच झाला असेल. पण सोवळ्याने अंतर मोजले ते जन्माच्या पायरीवरून, घाणीवरून मोजले नाही. याचा पुरावा शोधायला फार मागे जावे लागत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी प्याले. त्या तळ्यावर गुरांना मज्जाव नव्हता. माणसे प्याली तेव्हा मात्र सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते तळे 'शुद्ध' केले. पटकीचा जंतू पाण्यातून जातो, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्याच्या तलावांवर काम करून दाखविले होते. जंतूच्या लेखी ज्या पाण्यात धोका होता, त्याचे सोवळ्याला काही वाटले नाही. जेथे धोका नव्हता तेथे शुद्धी झाली.

याच्या उलट देवीची गोष्ट. घरात कोणाला देवी आल्या की दाराला कडुनिंबाचा टाळा लागे. परका माणूस आत येत नसे, घरच्यांचे बाहेर मिसळणे कमी होई, फोडणी बंद, सणवार बंद. रोग्याशेजारी एखादी वयस्क बाई बसे, आणि ती बहुधा आधी देवी येऊन गेलेली असे. या रीतीचे कारण विचारले तर कोणीही संसर्गाचे नाव घेतले नसते. देवी पाहुणी आली आहे, तिचा मान राखायचा, एवढेच उत्तर मिळाले असते. पण त्या मानाच्या पोटी रोगी आणि गाव यांच्यात नेमके हवे तेथे अंतर पडत असे. शिवाय कडुनिंबाचा टाळा ब्राह्मणाच्या दारावर लागे तसाच महाराच्या झोपडीवरही लागे. आमच्या पाहण्यातील रीतींमध्ये अंतर जातीवरून न मोजता रोगावरून मोजणारी ही जवळजवळ एकटीच. लस आणि तिच्यामागचे सरकारी कष्ट यांमुळे १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही, आणि टाळ्याचा तो अर्थही विसरला गेला.

प्लेगचे प्रकरण गुंतागुंतीचे आहे, म्हणून तेथे जरा थांबले पाहिजे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिले रोगी ओळखले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. तोच कायदा सव्वाशे वर्षांनी, २०२० मध्ये, पुन्हा बाहेर काढला गेला हे वाचकांना आठवत असेल. त्या काळच्या सरकारची समजूत अशी की रोग माणसाबरोबर फिरतो, तेव्हा माणूस अडवला की रोग अडला. रेल्वे स्थानकांवर उतारूंना रांगेत उभे करून काखा आणि जांघा चाचपल्या जाऊ लागल्या, कारण गाठी तेथे येतात. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीने गोऱ्या शिपायांकरवी घरांच्या झडत्या घेतल्या. शिपाई माजघरात, देवघरात शिरले. जेथे सख्खा दीर पाऊल टाकत नसे तेथे परका पुरुष जाऊन उभा राहिला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, तो इतिहास सर्वांना ज्ञात आहे. त्या क्षोभाचा राजकीय अर्थ पुष्कळांनी सांगितला आहे. आम्हांला येथे एवढेच नोंदवायचे आहे की लोकांच्या मनातील अंतराचा नकाशा आणि सरकारच्या मनातील अंतराचा नकाशा हे एकमेकांना छेदून गेले, आणि रोगाचा खरा नकाशा त्या दोघांपैकी कोणाकडेच नव्हता.

तो मिळाला पुढच्या वर्षी. १८९८ मध्ये कराचीत फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी दाखविले की गाठीचा प्लेग उंदरावरील पिसवेमार्फत माणसाकडे येतो. त्यांच्यावर विश्वास बसायला कित्येक वर्षे लागली. १९०५ नंतर मुंबईत झालेल्या सरकारी संशोधनाने ते सिद्ध झाले. म्हणजे गाठीच्या प्लेगात माणसापासून दूर राहण्यापेक्षा घरापासून दूर राहणे महत्त्वाचे होते. आणि हे मात्र खेड्यांनी केले होते. उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहत. या रीतीला शास्त्र म्हणून कोणी मान दिला नाही. प्लेगच्या झोपड्यांत हाल झाले, पाऊस-थंडी सोसावी लागली, घरे चोरांच्या हवाली झाली. पण पिसवेपासून अंतर पडले ते तेथेच.

त्याच १८९७ सालच्या पुण्यातील आणखी एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले. त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्या मुलाला शिवायचे नाही, असे सांगणारी दोन कारणे एकाच वेळी हजर होती, जात आणि रोग. सावित्रीबाईंनी पहिले कारण आयुष्यभर झुगारले होते, दुसरे त्या दिवशी झुगारले. त्या वेळी पुण्यात असे करणारी माणसे फार नव्हती.

आता बालाघाटकडे वळू. हा जिल्हा १८६७ मध्ये मंडला, शिवनी आणि भंडारा यांचे भाग जोडून झाला. वैनगंगेच्या खोऱ्यात तांदूळ पिकविणारे पोवार, कुणबी, लोधी, मरार, महार, वारासिवनीकडे विणकर कोष्टी. वर बैहरच्या पठारावर गोंड आणि बैगा. १९०१ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या ३,२६,५२१ भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा १५ टक्क्यांनी कमी. मधल्या दशकात दोन दुष्काळ पडले होते. घरदार सोडून खडी फोडायला आलेली माणसे, एकच पाणवठा, उघड्यावरची वस्ती, हे दुष्काळी कामांचे चित्र त्या काळी सगळीकडे सारखेच होते. पोटाने माणसांना अशा ठिकाणी दाटीत आणून बसविले की तेथे अंतराच्या सगळ्या रीती गळून पडल्या. त्यानंतर लवकरच गोंदियाहून सातपुडा चढून जबलपूरकडे जाणारी छोटी गाडी सुरू झाली, आणि या खोऱ्याला देशाशी, बाजाराशी आणि साथींशी जोडणारा रूळ पडला.

१९१८ ची साथ आली ती मुंबईहून. जूनमध्ये तेथे सौम्य लाट येऊन गेली. सप्टेंबरपासूनची दुसरी लाट प्राणघातक होती. मराठीत तिला 'मानमोडी' असे नाव पडले. रेल्वेच्या वाटेने ती आतपर्यंत पसरली. त्या वर्षी पाऊस फसला होता, धान्य महाग होते, कित्येक डॉक्टर महायुद्धावर गेलेले होते. देशभरातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत, आणि सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांत आमचा मध्यप्रांत होता. आजच्या भारताच्या हद्दीतील लोकसंख्या १९११ मध्ये सुमारे २५.२ कोटी होती, ती १९२१ मध्ये सुमारे २५.१ कोटी भरली. खानेसुमारीच्या इतिहासात लोकसंख्या घटल्याचे हे एकच दशक.

या साथीत आपल्या अंतराच्या रीतींची खरी परीक्षा झाली, कारण हा रोग श्वासातून जाणारा. मुंबई शहराच्या आरोग्य खात्याने त्या वर्षीचे जे आकडे नोंदविले ते वाचताना आम्ही दरवेळी थबकतो. इन्फ्लुएंझाने दर हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, सवर्ण हिंदूंत १८.९, आणि ज्यांना अहवालात खालच्या जातीचे हिंदू म्हटले आहे, त्यांच्यांत ६१.६. ज्यांच्यापासून सगळे दूर राहत होते तेच सर्वांत जास्त मेले. दूर ठेवल्यामुळे समाजाचा बचाव झाला असता, तर सवर्णांत एवढेही मृत्यू व्हायला नको होते. त्या दूर ठेवण्यानेच दहा-दहा माणसे एका अंधाऱ्या खोलीत कोंबली, त्यांच्या ताटातले धान्य कमी केले आणि दवाखान्याची पायरी त्यांना लांब केली. शिवाशिवीने जे अंतर मोठ्या कष्टाने उभे केले, त्याचा दोन्हीकडे कोणालाही उपयोग नव्हता. वरच्या आळीला ते वाचवू शकले नाही आणि खालच्या आळीला त्याने मारले.

दुसरा आकडा बायकांचा. जगात अनेक ठिकाणी या साथीत पुरुष अधिक मेले, हिंदुस्थानात बायका अधिक मेल्या. याची कारणे अभ्यासकांनी पुष्कळ दिली आहेत, पण घराच्या रचनेत डोकावले तरी निम्मे उत्तर मिळते. ओसरीवर वारा असे, माजघरात नसे. ओसरी पुरुषांची, माजघर बायकांचे, आणि रोगी झोपे तो बहुधा माजघरात. परपुरुषापासून बाईला दूर ठेवण्यासाठी जी भिंत घातली, तिच्या आत रोगापासून दूर जायला तिला जागाच उरली नाही. शिवाय शेक देणे, पेज पाजणे, कपडे धुणे तिच्याकडे. आणि शेवटी उरलेसुरले जेवणेही तिच्याकडेच.

महारोगाचे उदाहरण थोडक्यात देतो. हा रोग साथींच्या मानाने फार कमी लागणारा, आणि नेमक्या त्याच रोग्याला आपण गावकुसाबाहेर सर्वांत लांब बसविले. सेवाग्रामला गांधीजी परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतः मालिश करीत; वऱ्हाड-नागपूरच्या पट्ट्यात दत्तपूर, तपोवन, आनंदवन उभी राहिली. तरी भीतीचे अंतर फार हळूहळू कमी झाले. आणि बैहरच्या पठारावर माणसांना पिढ्यान्पिढ्या पोखरणारा हिवताप तर डासाने आणलेला. तेथे माणसाने माणसापासून कितीही दूर उभे राहिले तरी फरक पडत नव्हता.

मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा नमस्काराचे फार कौतुक झाले. हस्तांदोलन करणाऱ्या जगाला आपण हात जोडायला शिकविले, असा सूर लागला. आमचा नमस्काराला विरोध नाही. पण जो विषाणू मुख्यतः बंद खोलीतील हवेतून जातो, त्याला हात जोडल्याने किती अडथळा होणार? सहा फुटांचे अंतरही पुरेसे नाही, हवा खेळती हवी, असे २३९ शास्त्रज्ञांनी जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला जाहीरपणे कळविले. खिडकी नसलेल्या खोलीत सहा माणसे राहत असतील, तर त्यांच्या संस्कृतीत जवळीक अधिक आहे असे म्हणणे ही त्यांची थट्टा आहे. ती भाड्याची गोष्ट आहे.

त्याच दिवसांत 'सामाजिक अंतर' हा शब्द सरकारी फलकांवर झळकला. हा शब्द आपल्याकडे फार जुन्या आठवणी घेऊन येतो, म्हणून काहींनी त्याला हरकत घेतली व 'शारीरिक अंतर' म्हणावे असे सुचविले. जागतिक आरोग्य संघटनेनेही वेगळ्या कारणाने तोच बदल केला होता. फलक मात्र फारसे बदलले नाहीत. साहित्याच्या उपासकांनी अशा वेळी शब्दाकडे थोडे अधिक लक्ष द्यायला हवे होते, आणि त्यात आम्ही स्वतःलाही वगळत नाही.

आणि शीव परत आली. ठिकठिकाणी गावांनी रस्त्यांवर बांबू आडवे लावले, काटेरी फांद्या टाकल्या. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात बालाघाटच्या बाजूने काही अंतर बाघ नदी ही हद्द आहे; गोंदियाकडून येणाऱ्या रस्त्यावर रजेगावचा नाका. नागपूर, हैदराबादकडे कामाला गेलेली जिल्ह्यातील माणसे त्या एप्रिल-मे महिन्यांत पायी परतत होती. शहराने त्यांना आपल्या शिवेबाहेर काढले होते आणि गाव आपल्या शिवेत घ्यायला कचरत होते. नारबोदच्या पहाटेचा आमचा जुना प्रश्न तेथे उन्हात उभा होता. पुष्कळांना गावाबाहेरच्या शाळेत, काहींना शेतातल्या झोपडीत दिवस काढावे लागले. प्लेगच्या वेळची झोपडी शंभर वर्षांनी पुन्हा वापरात आली. त्यांच्यात हैदराबादहून निघालेला एक मजूर होता. पायी चालणे पत्नीला अशक्य झाले, कारण ती गरोदर होती, म्हणून त्याने वाटेत लाकडे आणि बांबू जोडून चाकांचा छोटा गाडा केला, त्यावर तिला आणि लहान मुलीला बसविले आणि दोरीने ओढत शेकडो मैल आणले. रजेगावच्या नाक्यावर पोलिसांनी त्यांना खायला दिले, मुलीच्या पायांत चपला घातल्या, तपासणी झाली आणि वाहनाने गावी पोचविण्यात आले. घरी गेल्यावर चौदा दिवस वेगळे राहा, असे त्यांना सांगितले गेले.